आपल्या चालण्यापेक्षा हळू उडणारं विमान

विमान म्हटलं की वेग आलाच, असं आपण धरून चालतो. रोमानियात स्लॅनिक प्राहोवाच्या मिठाच्या खाणीत मात्र अशा मॉडेल विमानांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत, की त्यांच्याबरोबर चालायचं तर आपल्यालाच पावलं आखडती घ्यावी लागतील. बंद जागेत उडणाऱ्या, रबराच्या पिळावर चालणाऱ्या विमानांच्या 'एफ-वन-डी' गटात विमान रबराशिवाय किमान 1.4 ग्रॅमचं, प्रोपेलर फिरवणारं पिळाचं रबर फार तर 0.4 ग्रॅम, पंखांची लांबी जास्तीत जास्त 55 सेंटिमीटर. झेरॉक्सचा एक ए-फोर कागद हातात घेऊन बघा. तो 5 ग्रॅमचा आहे!

अशा विमानाचा वेग कसा काढायचा? मोठ्या विमानात समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतात. इथे तो दाब इतका क्षीण, की जमिनीपासून दीड सेंटिमीटर वर गेलं तरी वातावरणाचा दाब तेवढा कमी होतो.

म्हणून वजनावरूनच वेग काढायचा. विमान एका उंचीवर उडतंय, म्हणजे पंखांची उचल वजनाइतकी. हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि पंखाचा गुणांक (पंख किती उचल देतो हे सांगणारा आकडा) यांच्या गुणाकाराची निमपट म्हणजे उचल. रबरासकट 1.8 ग्रॅम म्हणजे वजन 0.0177 न्यूटन, क्षेत्रफळ 0.1 चौरस मीटर, घनता 1.2, गुणांक अंदाजे 1. वेगाचा वर्ग येतो 0.295, वेग सेकंदाला 0.54 मीटर. ताशी जेमतेम 2 किलोमीटर!

गुणांक अंदाजाने घेतला तरी चालतो, ही वर्गमुळाची कृपा. तो 20 टक्के चुकला तर वेग दहाएक टक्केच चुकतो.

'पंखावरची वाट लांब, म्हणून वरची हवा धावत जाऊन खालच्या हवेला गाठते' हे स्पष्टीकरण अजूनही शिकवलं जातं. या पंखाला तर एकच पापुद्रा, वरची-खालची वाट जवळजवळ सारखी. तरी तो उडतो. हवा खाली ढकलली जाते, म्हणून. आणि पुराणातल्या विमानांचे दावे करणाऱ्यांना वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ तेवढं विचारावं.

आता पडताळा. विमान 6 मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत असेल, तर 18.8 मीटरच्या फेरीला 35 सेकंद लागायला हवेत. स्टॉपवॉचवर 38 आले, तर गुणांक 1 नव्हे, 1.2 आहे.