वार्फ्ट

उत्तर समुद्राला लागून असलेल्या वाडेन समुद्राच्या सखल किनाऱ्यावर, वादळी भरतीतही घरे पाण्याच्या वर राहावीत म्हणून माणसाने रचलेला मातीचा उंचवटा. नेदर्लंड्समध्ये त्यास टेर्प किंवा वीर्डे, तर उत्तर जर्मनीत वार्फ्ट वा वूर्ट म्हणतात. चिखलमातीच्या गवताळ ढेपा, शेणखत आणि घरातील केरकचरा यांचे थर पिढ्यानपिढ्या चढत जाऊन तो उंच होई. इ. स. पहिल्या शतकात रोमन लेखक थोरल्या प्लिनीने हाताने रचलेल्या अशा उंचवट्यांवर राहणाऱ्या, पावसाचे पाणी साठवून पिणाऱ्या चाउकी या जर्मानिक जमातीच्या लोकांचे वर्णन केले आहे.

सर्वांत जुने टेर्प सामान्यतः सु. इ. स. पू. सहाव्या शतकातील मानले जातात. मात्र त्यांच्या उगमाविषयी एकमत नाही. जर्मन पुरातत्त्वज्ञ व्हेर्नर हार्नागेल यांनी १९५५–६३ मध्ये उत्तर जर्मनीतील फेडरसेन विर्डे येथे केलेल्या उत्खननात वस्तीचा आरंभ सपाट जमिनीवर झाल्याचे, नंतर घरागणिक स्वतंत्र उंचवटे होऊन ते पुढे एकमेकांत मिसळल्याचे दिसले. यावरून समुद्र चढेल तशी वस्ती उचलली गेली, असे मानले गेले. समुद्राच्या एकाच वेळी सर्वत्र झालेल्या आक्रमणांचा जुना सिद्धांत आता बहुतांशी मागे पडला असून, नेदर्लंड्सच्या फ्रीसलंड प्रांतातील काही ठिकाणी पहिले घरच मुद्दाम रचलेल्या ओट्यावर उभारले होते, असे दिसते. त्यामुळे स्थळपरत्वे दोन्ही प्रकार घडले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सु. अकराव्या शतकापासून सलग बांध झाल्यावर बहुतेक टेर्प निरुपयोगी ठरले व पुढे सुपीक मातीसाठी पुष्कळसे खणून नेण्यात आले. जर्मनीतील उत्तर फ्रीसलंडच्या हालिग नावाच्या लहान, सखल बेटांभोवती मात्र उंच बांध नसल्याने तेथे वार्फ्ट आजही वापरात आहेत. तेथील जुन्या घरांत छपराचा भार आतील लाकडी खांबांवर असे. लाटांनी भिंती कोसळल्या तरी छप्पर उभे राही. १९६२ च्या महापुरानंतर वार्फ्टमध्ये खोल रोवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर प्रत्येक घराच्या वरच्या मजल्यावर आसऱ्याची खोली बांधण्याची पद्धत पडली. समुद्रपातळी वाढत असल्याने श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने होगे बेटावरील हान्सवार्फ्टसह काही वार्फ्टांची उंची वाढवण्याचे व उतार रुंद, मंद करण्याचे काम हाती घेतले. मंद उतारावर लाटेचा जोर आधीच मोडतो. उभ्या घराखालची माती मात्र वाढवता येत नाही. म्हणून एक तर कडेने भर घालावी लागते, नाहीतर घर पाडून नव्या माथ्यावर पुन्हा बांधावे लागते. बेटाभोवतीचा बांध उंच करणे हा सोपा उपाय वाटला, तरी प्रत्येक पुराबरोबर येणारा गाळ त्यामुळे अडतो आणि ज्या गाळाने हालिगची जमीन चढते, तोच तिला मिळेनासा होतो.