टू-इन-वनची कुळकथा

जुना बूमबॉक्स उघडला की बहुतेक वेळा आधी भेटतो तो डांबरासारखा काळा चिकटा. कधीकाळी तो रबरी बेल्ट होता. मोटरची पुली, फ्लायव्हील (फितीचा वेग स्थिर ठेवणारं जड चाक), खालचा पत्रा, सगळीकडे तो माखलेला असतो. बोटाला लागला तर साबणाला दाद देत नाही आणि बोट पुसलेलं फडकं घरात पुन्हा कुणी वापरू देत नाही. ‘रेडिओ चालतो, टेप बंद आहे’ असं सांगून विकले जाणारे कितीतरी सेट निव्वळ या एका बेल्टपायी बंद पडलेले असतात.

‘व्हिंटेज बूमबॉक्स’ हे नाव मात्र आपल्याकडे अलीकडचं. ती वस्तू घरात होती तेव्हा तिला टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) म्हणायचे, नाहीतर सरळ ‘टेप’. नाव वेगळं पडलं कारण ती आपल्यापर्यंत वेगळ्या वाटेने आली. सेट कोणत्या देशातल्या घरासाठी बनला आणि कुणाच्या सामानातून इथे उतरला, हे कळलं की आत काय बिघडलं असेल याचा अर्धा अंदाज स्क्रू काढायच्या आधीच येतो.

सुरुवात फिलिप्सपासून. बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यात लू ओटेन्स यांच्या हाताखालच्या चमूने कॅसेट घडवली आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. यंत्र किती लहान हवं हे ठरवायला ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात बसेल एवढा लाकडी ठोकळा कापून घेतला होता. उद्देश संगीताचा नव्हता, बोलणं टिपून ठेवण्याचा होता. म्हणून फीत अरुंद, ३.८१ मिलिमीटरची, आणि वेगही जेमतेम, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. पुढे याच फितीवर लोकांनी लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी ऐकले. ती चैन आपण केली खरी, पण किंमत फीत वाचणाऱ्या हेडला मोजावी लागते. एवढ्या हळू सरकणाऱ्या फितीवर वरचे सूर अगदी दाटीने उमटतात. हेड केसभर तिरकं झालं तरी टाळ आणि झांज आधी गायब होतात, आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला की तोच सेट एकदम मोकळा गातो. दुरुस्तीत याच्याइतकं स्वस्त सुख दुसरं नाही.

ग्रुंडिग या जर्मन कंपनीची प्रतिस्पर्धी कॅसेटही बाजारात आली होती. सोनीने जोर लावल्यावर फिलिप्सने आपला परवाना कंपन्यांना फुकट दिला आणि स्पर्धा तिथेच संपली. १९६६ मध्ये फिलिप्सने रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकाच खोक्यात बसवला. रेडिओसमोर माइक धरून, घरच्यांना गप्प बसवून रेकॉर्डिंग करण्याची गरज उरली नाही. बटण दाबलं की गाणं आतल्या आत फितीवर.

जपानने ही कल्पना उचलली आणि पार वेगळ्या उंचीवर नेली. १९६८ मध्ये आयवाचा सेट आला, मग सोनी, नॅशनल पॅनासोनिक, शार्प, सान्यो, हिताची, जेव्हीसी सगळेच उतरले. तिथे त्याला ‘राजिकासे’ म्हणतात, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट या दोन शब्दांची मोळी. पण इथे विकत घेणाऱ्याने एक गोष्ट गाठीशी बांधावी. जपानच्या घरात वीज १०० व्होल्टची असते आणि तिथल्या जुन्या सेटचा एफएमचा पट्टा बहुधा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. आपल्या रेडिओ सिटीचं ठिकाण ९१.१. काटा तिथे पोचायच्या आधीच डायल संपते.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात एक देखणा रुपेरी सेट दिसला. पाठीमागची बारीक जपानी अक्षरं चित्रासारखी पाहिली, वाचली नाहीत, आणि घरी येऊन थेट भिंतीतल्या प्लगला लावला. आधी गुणगुण, मग वास. ट्रान्सफॉर्मर गेला. विकणाऱ्याने सेलवर वाजवून दाखवला होता, तेव्हा तो खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

अमेरिकेतली गोष्ट जगाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७० च्या दशकात हिप-हॉप रुजलं आणि रस्त्यावर, मैदानात, भुयारी रेल्वेत ते वाजवायला खांद्यावरचा मोठा सेट आला. लोकांना खर्ज हवा होता, कंपन्यांनी स्पीकर वाढवले. कोनिऑनच्या एका अवाढव्य मॉडेलमध्ये तर चोरी होऊ नये म्हणून अलार्म बसवलेला होता. असे सेट आज जगभर संग्राहक शोधतात आणि भाव आवाजापेक्षा नावाला जास्त मिळतो. माझ्या मते पहिल्यांदा हात घालणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. आठ-दहा मोठे सेल खाणारं ते धूड उघडून पुन्हा बंद करणं हेच दोन माणसांचं काम.

आपल्याकडची वाट आखातातून आली. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला आणि कोकणातून, गोव्यातून माणसं कुवेत, दुबई, सौदीला कामाला गेली. परदेशी मालावर इथे कडक निर्बंध होते, जकात जबर होती. त्यामुळे सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात अत्तर, घड्याळ आणि टू-इन-वन हे त्रिकूट ठरलेलं. ज्यांचं कुणी तिकडे नव्हतं ते मुंबईत मुसाफिरखाना किंवा मनीष मार्केट गाठत. या आखाती सेटांचा फायदा असा, की ते अनेक देशांसाठी बनलेले. मागे ११० ते २४० व्होल्टची निवड करायची चकती असते, एफएम ८८ ते १०८ असतो, वर शॉर्टवेव्हचे एक-दोन पट्टे. तेव्हा घरात शॉर्टवेव्हलाच मान, कारण सिलोन तिथे लागायचं. एफएमचा पट्टा आमच्या भागात वर्षानुवर्षं मुका होता, बटण त्या बाजूला सरकवलं की फक्त फसफस.

तोटा खाऱ्या हवेचा. रत्नागिरीच्या ओटीवर वीस पावसाळे काढलेल्या सेटच्या आत रेकॉर्ड-प्लेचा लांबट सरकता स्विच असतो, त्याचे डझनावारी संपर्क काळवंडतात. मग एका बाजूचा आवाज जातो किंवा शिट्टी सुरू होते. ‘आयसी गेलाय’ (म्हणजे आतली चिप खराब झाली) हे निदान अशा वेळी पटकन होतं आणि पुष्कळदा चुकतं. संपर्क साफ करायचा स्प्रे मारून तो स्विच तीस-चाळीस वेळा पुढे-मागे करावा आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवावं.

देशी सेट हा वेगळाच वंश. फिलिप्स, बुश ही नावं होतीच, शिवाय लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास सुटे भाग घेऊन जोडलेले बिननावाचे ‘असेंबल्ड’ सेट. त्यांना संग्राहक विचारत नाहीत, पण शिकायला याहून चांगली शाळा नाही. आत जागा ऐसपैस, भाग साधे, आणि काही बिघडवलं तर जीव हळहळत नाही.

१९८० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. रेडिओसाठी पोस्टातून काढावा लागणारा परवाना रद्द झाला आणि गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने कॅसेट स्वस्त केली. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीतं आणि भीमगीतं घरोघर, रिक्षात, मांडवात वाजू लागली. कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठीवर गाण्यांची यादी द्यायची आणि चार दिवसांनी ‘कॅसेट भरून’ घ्यायची, हा तेव्हाचा रिवाज. कायद्याने चोरीच, पण तसं कुणाला वाटत नसे. या स्वस्त फितींची भुकटी हेडवर बसायची आणि फीत सतत घासून हेड झिजायचं. म्हणून जुना सेट घेताना कॅसेटचं दार उघडावं, हेडवरून नख फिरवावं. खाच नखाला अडकली तर हेड संपलं. नुसता तपकिरी थर असेल तर कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. शेजारचा, फीत दाबून पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर चकचकीत झाला असेल तर तो कॅसेट खाणार हे नक्की. आधी खाल्ली जाते ती १२० मिनिटांची, कारण तिची फीत फारच पातळ.

सगळे कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) एकजात बदलायची हल्ली फॅशन आहे. मला ती पटत नाही. पॉवर सप्लायचे फुगलेले बदलावेत, बाकीचे गात असतील तर गाऊ द्यावेत. बेल्टसाठी पुल्यांभोवती दोरा गुंडाळून माप घ्यावं आणि त्याहून वीसाव्या हिश्श्याने लहान बेल्ट मागावा. नव्या कॅसेट प्लेअरमधली यंत्रणा उचलून जुन्यात बसवण्याचा मोह टाळावा. आज बनणाऱ्या बहुतेक यंत्रणा तानाशिन या जपानी कंपनीच्या एकाच स्वस्त रचनेच्या नकला आहेत आणि त्यांचं हलकं फ्लायव्हील सूर थरथरवतं.

बेल्ट बदलला की वेग बघायचा. मोटरच्या पाठीत एक भोक असतं, आत बारीक स्क्रू. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे वेगात सुमारे सहा टक्क्यांची चूक, काळी एकचा गवय्या पांढरी एकमध्ये उतरतो. माझ्याकडचा कुवेतहून आलेला सेट तेवढाच मंद होता. चांगल्या डेकवर भरलेल्या ३००० हर्ट्झच्या सुरावर तो नेमका लावला आणि हौसेने आईच्या कपाटातल्या कॅसेट काढल्या. विकतच्या सगळ्या सुरेल. रेडिओवरून घरी भरलेल्या सगळ्या अर्धा सूर चढ्या, निवेदक घाईत. त्या याच सेटवर, तो मंद असताना भरलेल्या. आता त्या भोकाच्या कडेला नेलपॉलिशच्या दोन खुणा आहेत. लाल विकतच्या कॅसेटसाठी, गुलाबी घरच्यांसाठी.