टोचायचा थर्मामीटर आणि रुतवून ठेवायचा प्रोब: एक विसळा, दुसरा फक्त पुसा

ह्यूस्टनमध्ये आमच्या ओळखीतल्या ज्या ज्या घरी स्मोकर, म्हणजे मंद धुरात मांस शिजवायची भट्टी आली, त्या घरी पहिल्या वर्षभरात एक तरी प्रोब, म्हणजे मांसात रुतवून तापमान मोजायची सळई, निकामी झाला. ‘मालच खराब निघाला’ असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा माल चांगलाच असतो. कोणीतरी तो नळाखाली धरलेला असतो, नाहीतर बाकीच्या भांड्यांबरोबर साबणाच्या पाण्यात भिजत टाकलेला असतो. बार्बेक्यू करणाऱ्याच्या घरात टोकदार सळईची दोन यंत्रं असतात, दिसायला सख्खी भावंडं. ती दोन्ही एकाच रीतीनं साफ केली जातात आणि तिथेच घात होतो.

पहिलं यंत्र तुम्हाला ठाऊक आहे. हातात धरायचं, मांसात टोचायचं, दोन-चार सेकंदांत आकडा वाचायचा आणि काढून घ्यायचं. ते ग्रिलच्या झाकणाखाली विसरू नका, प्लास्टिकचं डोकं वितळतं. त्याच्यावर आयपी ६७ लिहिलेलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी आत पाणी शिरत नाही, तेव्हा नळाखाली साबण लावून खुशाल विसळा. तसं काही लिहिलेलं नसेल तर फक्त सळई धुवा, डोकं कोरडं ठेवा. एवढं पुरे.

दुसरा तो वायरवाला. मांस कच्चं असतानाच त्यात रुतवायचा, झाकण लावायचं आणि वायर बाहेरच्या डबीला जोडून आठ-दहा तास आकडा बघत बसायचं. हा प्रोब एकदा हातात घेऊन नीट बघा. टोकाकडे पोलादाची बंद नळी आहे, तिच्यात पाणी जायला वाव नाही. दुसऱ्या टोकाला वायर आहे आणि तिच्यावर बारीक पोलादी तारांची विणलेली जाळी. या दोहोंच्या मध्ये, जिथे नळी संपते आणि जाळी सुरू होते, तिथे धातू चेपून वायर पकडलेली दिसेल. नखानं चाचपलं तर चेपल्याच्या खुणा लागतात. प्रोबचं मरण असतं ते या सांध्यात. चेपलेला धातू वायर घट्ट धरतो, पण पाणी अडवेलच असं नाही.

त्यात जाळी म्हणजे कंदिलाची वातच. तिचं एक टोक ओलं झालं की तारांच्या फटींतून पाणी वर चढतं आणि थेट सांध्यात जातं. म्हणून ‘मी सळई धुतली, सांधा बुडवला नाही, नुसती वायर ओली झाली’ याला अर्थ नाही. वायर ओली झाली म्हणजे सांधाही ओला झाला असं धरून चला.

याहून वाईट सवय म्हणजे गरम प्रोब पाण्यात टाकणं. ब्रिस्केट (गोमांसाचा छातीकडचा मोठा तुकडा) उतरवली, प्रोब उपसला, अजून चटका बसतोय, आणि लगेच सिंकमधल्या पाण्यात. नळीतली तापलेली हवा गार होताना आकसते आणि सांध्यातून पाणी आत ओढून घेते. आपण आपल्या हातानं प्रोबला पाणी पाजतो. त्या पाण्यात साबण असतो, मांसाचा मिठाळ रस असतो. पाणी पुढे वाळलं तरी मीठ आतच राहतं.

एवढा जीव तोडून सांगायचं कारण प्रोबची किंमत नव्हे. पाणी शिरलेला प्रोब खोटं बोलतो, आणि खोटं बोलतो ते धोक्याच्या बाजूनं. घरगुती वायरवाल्या प्रोबच्या टोकात बहुतेक वेळा थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो आणि डबी तो रोध मोजून अंश दाखवते. आत ओल असली की विजेला थर्मिस्टरला वळसा घालून जायला एक चोरवाट मिळते. रोध कमी भरतो आणि डबीला वाटतं मांस तापलंय. म्हणजे ओला प्रोब बहुधा आहे त्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. चिकनच्या तंगडीत १६५ दिसतंय आणि आत १४० आहे, अशी ती चूक असते. अमेरिकेच्या कृषी खात्यानं कोंबडीसाठी ठरवलेली किमान पातळी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस आहे. जेवणाऱ्यांत लहान मुलं असतील तर हा फरक हसण्यावारी नेता येत नाही.

माझ्याकडे हे पोर्क शोल्डरवर, म्हणजे डुकराच्या खांद्याच्या तुकड्यावर झालं. सकाळी सहाला मांस आत गेलं, स्मोकर २४० फॅरनहाइटवर. दहा वाजता डबी १९८ दाखवत होती. एवढा जाड तुकडा चार तासांत तिथवर जाणं शक्यच नव्हतं. या आचेवर १५० ते १७०च्या दरम्यान पृष्ठभागावरचं पाणी उडत राहतं, मांस गार होत राहतं आणि आकडा तासन्‌तास हलत नाही. हातातला थर्मामीटर टोचला तर १४१. आदल्या रविवारी जेवण झाल्यावर एका वहिनींनी आपुलकीनं सांगितलं होतं, “भाऊजी, तुमचा तो वायरचा काटा पण घासून ठेवलाय हो.” त्यांचा काय दोष? खरकटं दिसलं की धुवायचं, हेच आपल्या हातांना वळण आहे. तेव्हापासून जेवणाआधीच मी प्रोब स्वयंपाकघरातून हलवतो.

पाण्याचं नाव नसतानाही सांधा भिजतो, तो फॉइलमध्ये. मध्येच ब्रिस्केट फॉइलमध्ये गुंडाळताना पुष्कळ जण सांध्यासकट अख्खा प्रोब आत घेतात. पुडक्याच्या तळाशी रस साचतो, वर वाफ कोंडते आणि सांधा चार तास त्यात शिजतो. त्यामुळे आधी गुंडाळा, मग फॉइलमधून बाहेरून प्रोब खुपसा. सांधा बाहेरच राहिला पाहिजे, आणि मांस पाझरतं त्या बाजूला तर तो नकोच.

आचेपासून जपण्यातही सांधा आणि वायर हीच नाजूक जागा. सळईला धगीचं काही वाटत नाही. वायरवर आतून टेफ्लॉनचं आवरण असेल तर ते साधारण २६० सेल्सिअसपर्यंत तग धरतं. स्मोकरच्या ११० ते १३५ सेल्सिअसला त्याला काही होत नाही. पण चरबी ठिबकून निखाऱ्यांचा एक भडका उडाला की संपलं. थेट आचेवर तंगड्या भाजताना मी वायरवाला प्रोब वापरतच नाही. तिथे हातातला टोचावा, हे माझं ठाम मत. वापरायचाच असेल तर वायर निखाऱ्यांच्या विरुद्ध बाजूनं बाहेर काढा, जाळीजवळच्या भागाला फॉइल गुंडाळा आणि ती झाकणाच्या कडेखाली चेंगरू देऊ नका. आणि वायरला धरून प्रोब उपसू नका. चिमट्यानं किंवा जाड हातमोज्यानं सळईच धरा. वायर ओढणारे पाहिले की माझा जीव वरखाली होतो.

आता साफ करायचं कसं? आधी पूर्ण गार होऊ द्या. कोमट साबणाच्या पाण्यात फडका भिजवा, घट्ट पिळा आणि सांध्याकडून टोकाकडे पुसा, उलट नको. मग साध्या पाण्याचा पिळलेला फडका, मग कोरडा. शेवटी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची पट्टी सळईवरून फिरवा. मेणचट थर बसला असेल तर खाण्याच्या सोड्यात थेंबभर पाणी घालून लगदा करा, पाच मिनिटं लावून ठेवा आणि मऊ घासणीनं काढा. तारेची घासणी नको, तिनं चरे पडतात आणि पुढच्या वेळी त्यातच खरकटं अडकतं. क्लोरिनचं ब्लीच तर मुळीच नको, पोलादावर खड्डे पडतात. वायरवरची काजळी मी पुसतो तेवढीच, ती काळी राहिली तरी राहू दे. दह्या-हळदीच्या मसाल्यानं मूठ पिवळी झाली असेल तर घासत बसू नका, दोन दिवस उन्हात ठेवा, बरीच फिकी पडते.

‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकले जाणारे वायरवाले प्रोबही आता मिळतात. मी तेही पुसतोच. नवा असताना सांधा पाणी अडवत असेल, पण शंभर वेळा तापून गार झाल्यावरही अडवेल याची खात्री मला वाटत नाही.

पुसण्याच्या वेळाही दोघांच्या वेगळ्या. रुतवलेला प्रोब मांसाबरोबरच कच्च्याचा पक्का होतो, म्हणून शिजताना त्याला हात लावायची गरज नसते. फक्त मध्येच जागा बदलायची असेल तर तेव्हा पुसा. हातातला मात्र अर्धकच्च्या तुकड्यातून थेट शिजलेल्यात जातो, त्यामुळे तो प्रत्येक टोचणीनंतर पुसायलाच हवा. लोक नेमकं उलटं करतात: वायरवाल्याला आंघोळ घालतात आणि हातातला दिवसभर तसाच टोचत फिरतात. आमच्याकडे पंगतीत शाकाहारी मंडळी असतात, त्यांच्या पनीरसाठी मी वेगळा थर्मामीटर ठेवलाय, त्याला हिरवी चिकटपट्टी लावून. कितीही पुसला तरी मटणातला प्रोब त्यांच्या ताटातल्या वस्तूत जाऊ नये.

प्रोब भिजलाच, तर लगेच फेकू नका. ओव्हन १२० सेल्सिअसला लावा, सळई आणि सांधा आत, प्लास्टिकचा प्लग दाराबाहेर, आणि तासभर राहू द्या. नुसतं पाणी असेल तर वाफ होऊन निघून जातं. मग पेल्यात काठोकाठ चुरलेला बर्फ भरा, फटी बुजतील इतकं पाणी घाला, ढवळा आणि सळईचं टोक मधोमध धरा, तळाला न टेकवता, सांधा पाण्याच्या बराच वर. आकडा शून्य सेल्सिअस, म्हणजे ३२ फॅरनहाइट यायला हवा. उकळत्या पाण्यात तपासू नका, वाफ सरळ सांध्यातच जाते. बर्फात ३६-३८ फॅरनहाइट दिसत असेल तर पुन्हा तासभर वाळवा. तरीही उतरला नाही तर मी तो प्रोब वायर कापूनच टाकतो, म्हणजे चुकूनसुद्धा कोणी तो पुन्हा कोंबडीत खुपसणार नाही.