‘चौरस’मधला ‘सम’ कुठे गेला?

चौरस म्हणजे चारही बाजू समान आणि चारही कोन काटकोन असलेली आकृती, हे सर्वांनाच ठाऊक असते. पण या शब्दाची फोड केली, तर त्यात बाजूंच्या समानतेचा मागमूसही सापडत नाही. ‘चौ’ आणि ‘रस’ ही सहज सुचणारी फोड तर चुकीचीच आहे, कारण मूळ संस्कृत शब्द ‘चतुरस्र’ किंवा ‘चतुरश्र’ असा असून त्यात ‘चतुर्’ म्हणजे चार आणि ‘अस्र’ म्हणजे कोपरा. प्राकृतात त्याचे ‘चउरंस’ झाले आणि मराठीत ‘चौरस’. म्हणजे ‘चौरस’मधला ‘र’ हा ‘चतुर्’चा शेवटचा वर्ण आहे, रसाशी त्याचा काही संबंध नाही. शब्दाचा अर्थ एवढाच, की चार कोपऱ्यांचा. आणि ‘चौकोन’ या शब्दाचाही अर्थ तोच.

मग समानता आली कुठून? दोरी आणि खुंट्या यांच्या साहाय्याने यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत आयताला ‘दीर्घचतुरश्र’ आणि चौरसाला ‘समचतुरश्र’ म्हटले आहे. समानतेचा सारा भार त्या ‘सम’ या विशेषणावर होता. पुढे विशेषण गळले आणि त्याचा अर्थ मात्र उरलेल्या शब्दाला चिकटून राहिला. चार कोपऱ्यांच्या आकृत्यांपैकी हीच लोकांना सर्वांत नमुनेदार वाटली असावी, असे मला वाटते. हिंदीत मात्र ‘चौरस’ शब्द ‘सपाट’ या अर्थाकडे वळला आणि आकृतीला ‘वर्ग’ हे नाव मिळाले.

तो ‘वर्ग’ही जुनाच आहे. इ.स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त आर्यभटाने समचतुरश्र आकृती, तिचे क्षेत्रफळ आणि दोन समान संख्यांचा गुणाकार या तिन्हींना ‘वर्ग’ म्हटले आहे. मराठीने येथे वाटणी केली: संख्येचा वर्ग, पण जागेचे चौरस मीटर.

शुल्बसूत्रांतला आणखी एक शब्द आपल्या बीजगणितात टिकून आहे, तो म्हणजे ‘करणी’. करणी म्हणजे करणारी, अर्थात जिच्यावर चौरस उभा राहतो ती बाजू किंवा दोरी. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी ती ‘द्विकरणी’, आणि ती त्या मूळ चौरसाच्या कर्णाइतकीच असते. बाजू १ असेल तर कर्ण २ च्या वर्गमुळाएवढा येतो. त्यासाठी बौधायन शुल्बसूत्रात दिलेल्या रीतीने ५७७/४०८, म्हणजे सुमारे १.४१४२१५७ ही किंमत मिळते आणि ती दशांशचिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत बिनचूक आहे. अशाच अपरिमेय मुळांना आज आपण करणी म्हणतो, पण ज्या चौरसामुळे हे नाव पडले त्याची आठवण त्या शब्दात उरलेली नाही.