ट्राऊट जलाशयांतील शिकारी मासे : संचयन आणि गळाची मासेमारी

ट्राऊटसाठी राखलेल्या थंड पाण्याच्या जलाशयात मासे खाऊन जगणारी दुसरी जात मुद्दाम सोडणे, तिची संख्या आटोक्यात ठेवणे आणि गळाने तिची शिकार करणे, हा मत्स्यव्यवस्थापनातील एक वादग्रस्त विषय आहे. अशा माशांत पाईक, टायगर मस्की, लेक ट्राऊट, झांडर, वॉलआय आणि बास हे प्रमुख. ब्राऊन आणि कटथ्रोट ट्राऊटही वाढल्यावर मासे खाऊ लागतात, त्यामुळे काही ठिकाणी शिकारी म्हणून ट्राऊटच सोडला जातो. शिकारी मासा ट्राऊटचा वैरी, अशी सरसकट समजूत अनेक हौशी मासेमारांत आहे, पण ती टिकत नाही. त्याला तिथे पिल्ले घालता येतात का आणि सोडलेला ट्राऊट त्याच्या जबड्यात मावतो का, यावर बहुतेक सगळे ठरते.

शिकारी मासा मुळात सोडतात कशासाठी? नदी अडवून जलाशय झाला की पहिली काही वर्षे ट्राऊट झपाट्याने वाढतात. बुडालेल्या जमिनीतून पोषकद्रव्ये सुटतात, त्यावर प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, फोफावतात आणि ट्राऊटच्या पिल्लांना खाण्याची ददात राहत नाही. पुढे चब, सकर यांसारखे चिवट मासे वाढतात. ते तेच प्लवक खातात, लाखोंनी अंडी घालतात आणि ट्राऊटची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, उपाशी राहतात. अशा वेळी सगळे पाणी विषारी करून नव्याने सुरुवात करायची किंवा या माशांना खाणारा कोणीतरी आणायचा, असे दोनच मार्ग उरतात. जाळी ओढून मासे काढण्याचा उपाय लहान तळ्यात चालतो, हजारो एकरांच्या पाण्यात तो पुरा पडत नाही.

अमेरिकेतील युटा राज्याच्या स्ट्रॉबेरी जलाशयात हे दोन्ही मार्ग एकापाठोपाठ वापरले गेले. चब आणि सकरांनी भरलेल्या या जलाशयावर 1990 मध्ये रोटेनोन टाकले. रोटेनोन काही शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांतून मिळते. ते कल्ल्यांवाटे शरीरात शिरते आणि पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. जलाशय रिकामा झाल्यावर त्यात बेअर लेक या सरोवरातील कटथ्रोट सोडले. या वाणाचा मासा मोठा होताच मासे खाऊ लागतो, म्हणून चब परत आला तर त्याला रोखण्यासाठी त्याचीच निवड झाली. सोबत वांझ रेनबो ट्राऊट आणि कोकनी सॅमनही सोडले. यातली खरी हुशारी नियमांत आहे. 15 ते 22 इंच लांबीचा, म्हणजे साधारण 38 ते 56 सेंमीचा प्रत्येक कटथ्रोट पाण्यात परत सोडावाच लागतो, कारण चबवर ताव मारणारा मासा याच मापाचा असतो. लोकांनी तोच घरी नेला असता तर जलाशयाचा पहारेकरीच उचलल्यासारखे झाले असते.

दुसरे उदाहरण टायगर मस्कीचे. हा पाईक आणि मस्कलंज (मस्की) या दोन माशांचा संकर. त्याच्या अंगावर वाघासारखे आडवे पट्टे असतात, तो झपाट्याने वाढतो आणि सहसा वांझ असतो. व्यवस्थापकाच्या दृष्टीने या वांझपणाला मोल आहे. दर वर्षी किती सोडायचे हे माणसाच्या हातात राहते आणि जास्त झाले तर सोडणे थांबवले की काही वर्षांत संख्या आपोआप उतरते. वॉशिंग्टन राज्यात 1988 पासून मेफील्ड जलाशयात पाईकमिनो या माशाला आळा घालण्यासाठी तो सोडला जाऊ लागला. तिथे 50 इंचांपेक्षा, म्हणजे 127 सेंमीपेक्षा लहान टायगर मस्की ठेवता येत नाही. न्यू मेक्सिकोतील ब्लूवॉटर जलाशयात सकर आणि गोल्डफिश यांच्याविरुद्ध हाच मासा उपयोगी पडला. आयडाहोने तो उंच डोंगरावरच्या लहान तळ्यांत, दाटीमुळे खुरटलेल्या ब्रूक ट्राऊटचा निपटारा करण्यासाठी वापरला. म्हणजे तिथे भक्ष्यही ट्राऊटच होता. इतर ठिकाणी वांझ वॉलआय वापरतात. फलित अंड्यांना ठरावीक वेळी जोराचा दाब दिला की गुणसूत्रांचा एक जादा संच आत राहतो आणि मासा प्रजननक्षम होत नाही. शिकारी मासा सोडायचाच असेल तर वांझ सोडावा, हा या क्षेत्रातला सर्वांत सुरक्षित धडा मानायला हरकत नाही.

चोरून सोडलेला, प्रजनन करणारा शिकारी काय करतो ते कॅलिफोर्नियातील लेक डेव्हिसने दाखवले. ट्राऊटसाठी नावाजलेल्या या जलाशयात 1994 मध्ये पाईक सापडला. कोणीतरी तो बेकायदा आणून टाकला होता. तो खाली फेदर नदीत आणि तिथून सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात उतरला असता तर सॅमनची पिल्ले त्याच्या तोंडी गेली असती. राज्याने 1997 मध्ये रोटेनोन टाकले. पोर्टोला या गावाचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून येत असल्याने गावकरी संतापले, मोठा संघर्ष झाला. एवढे करून 1999 मध्ये पाईक पुन्हा दिसलाच. जाळी, विजेचा झटका, स्फोटके असे सगळे प्रयोग झाले आणि शेवटी 2007 मध्ये पाण्याची पातळी खाली आणून जलाशयाबरोबर त्याला मिळणाऱ्या ओढ्यांतही औषध टाकावे लागले. मासेमारीची आपली हौस भागवण्यासाठी चार मासे बादलीतून नेऊन सोडणाऱ्याने एका गावाला आणि एका राज्याला दशकभर वेठीस धरले. या कृत्याचे समर्थन कोणत्याही अंगाने होऊ शकत नाही.

ब्रिटनमधली गोष्ट वेगळी. तिथे पाईक मूळचाच आहे आणि बहुतेक ट्राऊट जलाशयांत तो ओढ्यांतून किंवा उपसा केलेल्या नदीच्या पाण्याबरोबर आपसूक येतो. पूर्वी दिसेल तो पाईक मारायचा हीच रीत होती. पण मोठे पाईक लहान पाईकांनाही खातात. मोठे काढून टाकले की मधल्या मापाच्या पाईकांचा सुकाळ होतो आणि नव्याने सोडलेल्या ट्राऊटवर ताण उलट वाढतो. हे ध्यानात आल्यावर काही जलाशयांच्या चालकांनी हिवाळ्यात, ट्राऊटचा हंगाम नसताना, पाईकच्या मासेमारीला परवानगी द्यायला सुरुवात केली. वेल्समधील लॅन्डेग्वेध जलाशयात 1992 मध्ये 46 पौंड 13 औंसांचा, म्हणजे सुमारे 21.2 किलोचा पाईक गळाला लागला. हा ब्रिटिश विक्रम तीन दशकांहून अधिक काळ टिकला. इंग्लंडमधील च्यू व्हॅली या 1956 मध्ये खुल्या झालेल्या जलाशयात 2024 साली मिळालेल्या 47 पौंड 5 औंसांच्या पाईकने तो मोडला. दोन्ही मासे ट्राऊटवर पोसलेले होते, हा योगायोग नव्हे. लांबट, मऊ परांचा आणि स्निग्ध मांसाचा ट्राऊट गिळायला सोपा आणि पचायला पौष्टिक. त्याच आकाराचा, पण उभट अंगाचा ब्रीम पाईकला गिळायला अवघड जातो.

झांडर मात्र ब्रिटनमध्ये बाहेरून आला. 1963 मध्ये तो ग्रेट ऊझ नदीच्या पूरवाहिनीत सोडला गेला आणि तिथून पसरला. याच नदीचे पाणी उपसून भरला जाणारा ग्रॅफम जलाशय ट्राऊटसाठी बांधलेला नसला तरी ट्राऊटसाठी प्रसिद्ध झाला आणि पुढे झांडरसाठीही. झांडरच्या डोळ्यात प्रकाश परत फेकणारा थर असतो, त्यामुळे गढूळ पाण्यात आणि संधिप्रकाशात त्याला ट्राऊटपेक्षा चांगले दिसते. त्याचे तोंड पाईकपेक्षा लहान असल्याने मोठ्या ट्राऊटला तो हात लावत नाही.

यावरूनच ट्राऊट सोडण्याची पद्धत बदलते. पाईक आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, कधी त्याहूनही मोठा मासा गिळतो. त्यामुळे शिकारी असलेल्या पाण्यात बोटुकली सोडणे म्हणजे त्यालाच खाऊ घालणे. तिथे पूर्ण वाढलेले ट्राऊट सोडावे लागतात आणि ते महाग पडतात. टाक्यांतून आलेल्या माशाला धोका कळत नाही. सोडलेल्या जागी तो पृष्ठभागाजवळ घुटमळत राहतो आणि मासे आणणारी गाडी जिथे रिकामी होते तिथे काही तासांत पाईक जमतात. म्हणून शहाणे चालक मासे बोटीने दूरवर विखरून, शक्यतो अंधार पडल्यावर सोडतात.

पाईकची झडप जवळून पाहिली तर त्याच्या शरीराची रचना उमगते. पाठीवरचा पर आणि खालचा पर दोन्ही शेपटीजवळ सरकलेले असतात. तो पाणवनस्पतींच्या कडेला निश्चल थांबतो, अंग नागमोडी वाकवतो आणि एका झटक्यात सुटतो. ट्राऊटला तो मधोमध आडवा पकडतो, क्षणभर तसाच थांबतो, मग जबड्यात फिरवून डोक्याकडून गिळतो. टाळूवरचे शेकडो बारीक दात आत वळलेले असल्याने सुटका जवळजवळ नाहीच.

गळाची तयारी या सवयींवर बेतलेली असते. ट्राऊटसारखे रंगवलेले, 15 ते 30 सेंमी लांबीचे, सांध्यांतून डुलणारे कृत्रिम आमिष हे मुख्य हत्यार. त्याचा विकास विशेष झाला तो दक्षिण कॅलिफोर्नियात. तिथे 1959 मध्ये फ्लोरिडाच्या वाणाचा बास सॅन डिएगोजवळच्या जलाशयांत सोडला गेला आणि हिवाळ्यात लोकांसाठी सोडल्या जाणाऱ्या ट्राऊटवर तो अवाढव्य वाढला. कॅस्टेइक जलाशयात 1991 मध्ये 22 पौंडांचा बास मिळाला. 1932 पासूनचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे फरक निव्वळ काही औंसांचा. ट्राऊटची गाडी येण्याचा दिवस माहीत करून घेऊन त्याच किनाऱ्यावर मोठाले लाकडी ट्राऊट फेकणे, ही तिथली रूढ युक्ती झाली. पाईकसाठी पिसांचे मोठे आमिष जड काठीने फेकणारे लोकही आहेत. थंडीत सुस्तावलेल्या पाईकसाठी मॅकरेल, हेरिंग यांसारखा मेलेला समुद्री मासा तळाशी ठेवतात. झांडरसाठी संध्याकाळी बोटीतून सरळ खाली, तळालगत आमिष नाचवतात. फार खोलातून ओढून काढलेल्या झांडरचे वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगते आणि तो सोडल्यावर सहसा वाचत नाही, म्हणून सोडून द्यायचा असेल तर फार खोल पाण्यात त्याच्यामागे लागू नये.

पाईक आणि मस्की यांच्यासाठी गळाआधी तारेचा तुकडा हवाच. साधी दोरी त्यांच्या दातांनी एका क्षणात तुटते आणि तिहेरी गळ घशात घेऊन गेलेला मासा मरू शकतो. मासा बाहेर काढण्याआधीच लांब चिमटा, तार कापायची कात्री आणि मासा ठेवायला ओली गादी हाताशी ठेवावी. कल्ल्याच्या झाकणाखालून, कल्ल्यांच्या पात्यांना स्पर्श न करता बोटे सरकवून जबडा उघडता येतो. रुतलेला गळ ओढत बसण्यापेक्षा कापून टाकणे बरे. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेले की पाईकला थकव्यातून सावरणे अवघड जाते, म्हणून उन्हाळ्यात त्याच्या वाटेला न जाणेच योग्य.

सगळेच शिकारी सोडून द्यायचे नसतात. वायोमिंग आणि युटाच्या सीमेवरील फ्लेमिंग गॉर्ज, तसेच कोलोरॅडोतील ब्लू मेसा या जलाशयांत लेक ट्राऊट स्वतःच प्रजनन करतो आणि कोकनी सॅमन खाऊन फस्त करतो. तिथले मत्स्य विभाग लहान लेक ट्राऊट भरपूर पकडून घरी न्यायला सांगतात. अवाढव्य मासे राखून ठेवायचे आणि मधल्या फळीची गर्दी कमी करायची, असा तिथला हिशेब आहे. स्ट्रॉबेरीत मधल्या मापाचा मासा सोडावा लागतो, इथे तोच उचलावा लागतो, त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी त्या जलाशयाचे त्या वर्षीचे नियम वाचून घ्यावे लागतात.