गाठीची रसद तोडू पाहणारे पाच अमिनो आम्लांचे कडे

रक्तवाहिनीपासून १००–२०० मायक्रॉनपलीकडे ऑक्सिजन पुरेसा झिरपत नाही. त्यामुळे कर्करोगाची गाठ १–२ मिलिमीटरची झाली की अडते. पुढे वाढायला तिला शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावावे लागतात. हे फाटे फुटूच द्यायचे नाहीत, ही उपचाराची दिशा अमेरिकी शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली.

त्यांच्याच प्रयोगशाळेत १९९४ मध्ये अँजिओस्टॅटिन आणि १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन सापडले. दोन्ही शरीरातल्याच मोठ्या प्रथिनांचे तुकडे. पण एंडोस्टॅटिन सुमारे २० किलोडाल्टन वजनाचे, म्हणजे तसा मोठाच रेणू. जिवाणूंकडून बनवून घेतले की नीट घडी न पडता त्याच्या न विरघळणाऱ्या गुठळ्या होतात. लहान पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, मात्र रसायनशाळेत एकेक अमिनो आम्ल जोडून बनवता येते.

अशा पेप्टाइडचा धागा १९८४ मध्येच हाती आला होता. फायब्रोनेक्टिन या पेशींभोवतालच्या प्रथिनाला पेशी चिकटतात त्या आर्जिनिन-ग्लायसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन दुव्यांमुळे, हे पिअर्शबाकर आणि रुओस्लाहती यांनी दाखवले. चेरेश यांच्या गटाने १९९४ मध्ये नव्या रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-व्ही-बीटा-३ इंटिग्रिनकडे, म्हणजे हे तीन दुवे पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाकडे, बोट दाखवले. हेच दुवे असलेल्या पेप्टाइडने ते अडवायचे, तर साधी सरळ साखळी कमी पडते: ती लवचीक असल्याने अनेक इंटिग्रिनांत बसते आणि रक्तातली विकरे तिला लवकर तोडतात. म्युनिकचे होर्स्ट केसलर यांनी तिचे पाच दुव्यांचे कडे केले आणि चौथ्या जागी डी-फिनाइलअ‍ॅलॅनिन घातले. या उलट्या, आरशातल्या प्रतिमेसारख्या घडणीच्या दुव्याने कड्याला नेमका बाक आला. कडे मिटवायचे तर द्रावण खूप पातळ ठेवावे लागते, नाहीतर साखळीचे टोक शेजारच्या साखळीला जुळते. आर्जिनिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या बाजूच्या शाखाही तोवर झाकून ठेवाव्या लागतात. पुढे व्हॅलिनच्या नायट्रोजनवर मिथाइल गट बसवला आणि सिलेंगिटाइड हे औषध तयार झाले. रेणूची घडण म्हणून हे काम अतिशय देखणे आहे.

अडचण मात्रेत होती. औषधाचे अर्धायुष्य काही तासांचेच, आणि ते शिरेतून आठवड्यातून दोनदा, २००० मिलिग्रॅम दिले जाई. दोन मात्रांच्या मधल्या काळात रक्तातले प्रमाण खूप खाली येते. अशा अत्यल्प प्रमाणात याच जातीची औषधे उंदरांत गाठ आणि रक्तवाहिन्या उलट वाढवतात, असे २००९ मध्ये दिसले. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या ५४५ रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २०१३ पर्यंत निकाल स्पष्ट झाला: औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत मध्यक आयुष्य २६.३ महिने. अपयशाचे कारण मात्रांमधले अंतरच होते, असे यावरून सिद्ध होत नाही. पण रुग्ण निवडले गेले ते डीएनए दुरुस्त करणाऱ्या एमजीएमटी जनुकाच्या मिथाइलीकरणावरून (मिथाइल गट बसून ते जनुक बंद पडले आहे का, यावरून), गाठीत हे इंटिग्रिन किती आहे यावरून नव्हे. आमच्या मते हा मोठा दोष होता. कारण तशाच कड्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून पेट स्कॅनवर ते इंटिग्रिन रुग्णाच्या शरीरात पाहण्याची सोय तोवर झालेली होती.