गोधडी (कोकण)

जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक घालून, हाताने धावदोरा घालत शिवलेले अंथरूण-पांघरूण. घाटावर याच प्रकाराला वाकळ म्हणतात. कोकणात थंडी बेताची. गोधडीची खरी गरज पावसाळ्यात, ओल धरलेल्या जमिनीवर अंथरायला आणि बाळ-बाळंतिणीला.

टाकाऊ कपड्यांची म्हणून गोधडी फुकटात होते, असा समज आहे. फुकट असते ते कापड, आणि तेही पूर्वी असे. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटर लांब. सहा फुटी गोधडीसाठी कापले की त्याचे चार थर निघतात. दोन लुगडी, एखादे धोतर, एवढ्यात काम भागे. काजूच्या बोंडाचा डाग धुतल्याने जात नाही, म्हणून तसले कपडे मधल्या थरात जात. वरचा थर त्यातल्या त्यात धडका असायचा.

धुऊन कडक वाळवलेले थर सारवलेल्या पडवीत अंथरतात, हाताने सुरकुत्या काढतात आणि मोठ्या टाक्यांनी टाचून घेतात. हे टाचण सैल राहिले तर आतले कापड पुढे गोळा होते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला गाठ लागते. मग कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे यायचे. घाट चढून कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये गेले की आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे अशीच गोधडी, दिसते. तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडी ‘फुले’ शिवतात आणि ती नसली तर कवंदी उघडीवाघडी मानतात.

मेहनतीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही, पण तो अवघड नाही. सहा फूट बाय चार फुटांच्या गोधडीत ओळी दीड सेंटिमीटरवर घेतल्या तर सुमारे १४४ मीटर शिवण होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी साडेचौदा हजारांच्या आसपास टाके. सगळ्या थरांतून सुई काढायची, अधूनमधून दोरा ओवायचा. मिनिटाला दहा टाके पडले तरी हात चांगला म्हणायचा. म्हणजे नुसती शिवण चोवीस तासांची, आठ तासांचे तीन दिवस. धुणे, कापणे, टाचणे यांचा आणखी एक दिवस. रोजगार हमीची महाराष्ट्रातील २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने चार दिवसांचे १,२४८ रुपये होतात. दोरा वेगळा. गोधडी विकत घेताना घासाघीस करणाऱ्याने एकदा हा गुणाकार करून पाहावा.

त्यातून सलग चार दिवस कोणाला मिळत नाहीत. जूनपासून लावणी आणि पाऊस, कापड वाळत नाही. उरतो उन्हाळा, तर तेव्हाच काजू, आंबा आणि आमसुले. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतरचे तास-दोन तास एवढाच वेळ. कडेला दोघी बसल्या तर लवकर उरकते, गप्पाही होतात.

पॉलिस्टरच्या साड्या आल्यापासून जुने सुती कापड घरात साठत नाही. पॉलिस्टर घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून सरकतात. यंत्रावर शिवलेली गोधडी स्वस्त पडते, मात्र अंगाला कडक लागते.

झिजलेली गोधडीही टाकत नाहीत. तिच्यावर-खाली नवी लुगडी घालून पुन्हा शिवतात. अशी गोधडी इतकी जड होते की पाण्यातून काढून पिळायला दोन माणसे लागतात आणि कातळावर टाकली तरी पुरती वाळायला दोन दिवस घेते.